एका पंचाची सही बाकी

रायटरमामांना 'म्हणजे काय?' असं विचारलेलं मुळीच खपायचं नाही. "म्हंजे काय म्हनून मला काय इचारती? जा, बघून ये!" असे काही खेकसायचे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातातलं पेन खाली पडायचं. माझं पडलं होतं.

आता तुम्हीच सांगा, आम्ही मामांकडं इंग्रजी शब्द शिकायला येणारी, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्याच याद्या. बोट लावलं की अर्थ, बोट लावलं की उच्चार. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी, संपला विषय. पण मामांच्या लेखी ही सगळी ऐकीव माहिती. त्यांचा नियम असा की ज्याला शब्द हवाय त्यानं तो गावात कुठंतरी घडताना आपल्या डोळ्यांनी बघायचा, तिथंच उभं राहून त्याचा पंचनामा लिहायचा आणि खाली दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग तो शब्द तुमचा. तोवर उसना.

अहो, चेष्टा नाही, खराखुरा पंचनामा! मामा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. ठाण्यात जो हवालदार सगळी लिखापढी करतो त्याला रायटर म्हणतात, आणि मामांनी जन्मभर तेच केलं. कुठल्या ठाण्यात, ते मी लिहिणार नाही. आमचं गाव श्रीरामपूरहून एसटीनं पाऊण तासावर आहे, एवढं पुरे. गावात नव्यानं आलेल्यांना 'रायटर' ऐकून वाटायचं, हे कादंबऱ्या वगैरे लिहीत असतील. मामाही कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायचे नाहीत.

चर्चच्या मागं ख्रिस्ती वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मामी वारलेल्या, मुलगी नाशिकला दिलेली. रविवारी उपासना आटोपली की ओट्यावर सतरंजी पडायची आणि आम्ही बारा-चौदा जण मांडी घालून बसायचो. मामा दारात खुर्ची टाकायचे, मांडीवर त्यांचं स्वतःचं जाड, लाल कापडी पाठीचं रजिस्टर. मग एकेकानं उभं राहून आपला पंचनामा वाचायचा. 'रिलक्टंट' ह्या शब्दाचा माझा मला अजून तोंडपाठ आहे: "आज रोजी सकाळी साडेआठ वाजता बाजारतळावर आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर असताना एक म्हैस टेम्पोत चढवली जात असल्याचे दिसून आले. सदर म्हशीने पुढील दोन पाय फळीवर ठेवले, परंतु मागील दोन उचलण्यास ती तयार नव्हती. तीन इसमांनी ढकलले, तरी म्हैस वळून घराच्या दिशेने पाहत होती."

"दिशा?" मामा गरजले.

"घराच्या दिशेनं, मामा."

"घर कंच्या दिशेला? पूर्वेला काय हाय, पश्चिमेला काय हाय? उत्तर? दक्षिण? चतुःसीमा न्हाई, तर पंचनामा न्हाई. बस खाली!"

एका म्हशीपायी मी दुसऱ्या आठवड्यात परत बाजारतळावर गेले आणि सूर्याकडं तोंड करून हात पसरून दिशा ठरवल्या. लोक बघत होते. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, जागा घेताय का काय?" पण गंमत अशी की परीक्षेत 'रिलक्टंट' आला तेव्हा मला ती मागं वळून बघणारी म्हैसच दिसली. आजही दिसते.

एकदा एकीनं 'इफेमरल'खाली 'अर्थ: क्षणभंगुर' असं लिहून आणलं. मामांनी तिच्याकडं अशी नजर टाकली की ती रडायचीच बाकी. "एक अवघड शब्द दिला तर त्याच्या बदल्यात दुसरा अवघड शब्द घिऊन आली! क्षणभंगुर कुनी बघितलंय? तू बघितलं?" पुढच्या रविवारी तिनं लिहून आणलं की संध्याकाळी सात वाजता वीज आली, आईनं पिठाच्या चक्कीकडं डबा पाठवला, डबा चक्कीवर पोचायच्या आत वीज गेली. पंच: आई आणि चक्कीवाला. मामा इतके खूश झाले की त्यांनी ते स्वतःच्या रजिस्टरात उतरवून घेतलं. 'सायकोफंट' म्हणजे हांजी हांजी करणारा; त्यावर एकानं तर आमच्या एका पंचायत मेंबरच्या मागं फिरणाऱ्या माणसाचाच पंचनामा केला, नावगावासकट. तो माणूस चार जण घेऊन ओट्यावर भांडायला आला. आमची पाचावर धारण बसली. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "मेंबरच्या गाडीचं दार तुमी उघडलं का न्हाई? टोपीवरली धूळ झटकली का न्हाई? मग ह्यात खोटं काय लिवलंय तेवढं दाखवा, मी माझ्या हातानं खोडतो." भांडायला आलेला माणूस चहा पिऊन गेला. मी थक्क! खोटं दाखवा, मी खोडतो, हे म्हणताना मामांचा आवाज मात्र जरा वेगळा लागला होता. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

त्यांच्या सगळ्या तऱ्हा एकीकडं आणि त्यांची दाढी एकीकडं. वस्तीच्या तोंडालाच एक चांगलं सलून होतं. मामा तिथं कधीही गेले नाहीत. दर बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी ते अख्खं गाव ओलांडून स्टँडजवळच्या एका टपरीवजा सलूनमध्ये जायचे. तो सलूनवाला पन्नाशीचा, भारी बोलका गडी. क्रिकेट म्हणू नका, पाऊस म्हणू नका, गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ह्याचा पट्टा सुरू. पण मामा बसले की तोंडाला कुलूप. हनुवटीला एक बोट लावून मान इकडून तिकडं वळवायची, बस्स. 'या' नाही, 'बसा' नाही, 'झालं' नाही. मामाही डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. मामा निवृत्त झाल्यापासून, आठ वर्षं हे चाललेलं. कुणी विचारलं तर मामा म्हणायचे, "त्याचा हात हलका हाय." सलूनवाल्याला विचारलं तर तो रेडिओचा आवाज मोठा करायचा. गावातल्या जुन्या माणसांना काही ठाऊक असलंच तरी ती बोलायची नाहीत; आम्ही पोरांनी मग तो नाद सोडून दिला.

आणि दुसरी गोष्ट, त्या लाल रजिस्टरचं पहिलं पान. त्याच्या कडेनं स्टेपलरच्या पिना मारून ते दुसऱ्या पानाला चिकटवून टाकलेलं. एकदा वर्गात मी धीर करून विचारलंच. मामांनी त्या पानावरून अंगठा फिरवला. "हा माझा पयला शब्द. हा मी लई उशिरा शिकलो. ह्याच्यावर एका पंचाची सही बाकी हाय. ती झाली की हे रजिस्टर बंद केलं, मी सुटलो. तंवर न्हाई." आमच्यात तर्कांना काय ऊत आला म्हणता! कुणी म्हणे जुनं प्रेमप्रकरण, कुणी म्हणे जमिनीचा दावा. मी मनाशी म्हटलं, एवढी एक सही मिळवायला माणसाला इतकी वर्षं लागतात म्हणजे तो पंच अमेरिकेत तरी गेला असेल, नाहीतर वर तरी.

तो पंच आमच्या घरात शिलाई मशीनवर बसलेला होता.

थांबा, जरा नीट सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शिंपीकाम करायचे. पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून त्यांचं दुकान होतं आणि खाकी वर्दी शिवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा कुणी नव्हता. मी ह्या वर्गाला जाणार म्हटल्यावर आमचे अण्णा, जे मला कधी कशाला नाही म्हणाले नाहीत, ते एकदम म्हणाले, "त्या मानसाकडं? त्याच्याकडं कशाला? दुसरा कुनी मिळंना का?" मी विचारलं का, तर मशीनचं पायडल जोरात मारायला लागले. मला वाटलं, जात-धर्माचं काहीतरी असेल. वडिलांबद्दल असं वाटलं म्हणून मलाच लाज वाटली, आणि हट्टानं गेले.

पहिल्या रविवारी मी माझं पूर्ण नाव लिहून मामांच्या हातात दिलं, माझं, वडिलांचं, आडनाव. त्यांनी वाचलं. उठले, आत गेले, आतून कडी लावली. अर्धा तास आम्ही वाट बघितली, दार काही उघडलं नाही. जुनी पोरं म्हणाली, "पित्त झालं असंल, घरी जा." पुढच्या रविवारी जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि त्या दिवसापासून सगळ्यांत जास्त बोलणी मी खाल्ली.

वर्ष झालं असेल. एका रविवारी मामा बाहेर आले ते हातात एक कागद घेऊन. म्हणाले, "पुढल्या शब्दाचा पंचनामा मी करनार हाय. मला पंच पायजेत. समद्यांनी खाली सह्या करा, वरचं मी मागनं लिवतो." कागद माझ्याकडं पहिल्यांदा आला. कोरा करकरीत. मामांनी सांगितलंय म्हटल्यावर विचार कसला करायचा? मी झोकात सही ठोकली आणि पुढं दिला. बारा जणांनी बारा सह्या केल्या. एकानंही विचारलं नाही की मामा, वर काय लिहिणार आहात.

कागद फिरून मामांकडं गेला. त्यांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता हे खुर्चीवरून पडतात. मला वाटत होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वर्षभर शिकिवलं," ते म्हणाले, "वर्षभर! बघितल्याबिगर लिवू नका, बघितल्याबिगर सही करू नका. आन् कोऱ्या कागदावर बारा सह्या?" मग माझ्याकडं वळले. "आन् तू पयली. आगदी बापासारखी केलीस. तसाच शेवटाला फराटा."

अण्णांची सही ह्या माणसानं कुठं बघितली?

घरी जाऊन मी चपलाही न काढता अण्णांसमोर उभी राहिले. "रायटरमामांनी तुमची सही कुठं बघितली?" अण्णांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी कापडावर ठेवली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि अण्णांकडं बघून परत आत गेली. म्हणजे आईलाही ठाऊक होतं! घरात सगळ्यांना ठाऊक, आणि मी एकटी येडी. "त्यालाच इचार," अण्णा म्हणाले. "मला न्हाई सांगता येनार."

मी उलट्या पावली मामांकडं गेले. ते ओट्यावरच बसलेले, सतरंजी अजून उचललेली नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी लाल रजिस्टर मांडीवर घेतलं, खिशातल्या चावीच्या टोकानं एकेक पिन उचकटली आणि पहिलं पान माझ्यासमोर धरलं.

वर शब्द होता: 'स्प्यूरियस'. खाली मामांच्या त्या सुरेख, ठाण्याच्या अक्षरात पंचनामा. मी वाचत गेले. वीस वर्षांपूर्वी एका विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली होती. वरून तपास लवकर संपवायचा रेटा होता. मोटर ओढ्यात टाकून दिलेली सापडली, चोर सापडला नाही. म्हणून पाठीशी कुणी नसलेला सलूनवाला धरला आणि मामांनी ठाण्यात टेबलावर बसून पंचनामा लिहिला की सदर मोटर स्टँडजवळच्या सलूनच्या मागं, आरोपीच्या ताब्यातून, दोन पंचांसमक्ष जप्त केली. सलूनला गेलं कुणीच नाही. एक पंच होता ठाण्यासमोरचा चहावाला, तो आता मयत, पण जायच्या आधी ह्या पानाखाली सही करून गेलेला. दुसरे माझे अण्णा. शिपाई कागद घेऊन दुकानात आला तेव्हा ते एका साहेबांच्या खांद्याचं माप घेत होते. न वाचता, भिंतीला कागद लावून त्यांनी सही केली. नाही म्हटलं असतं तर वर्दीचं काम गेलं असतं. शिवाय ती काही पहिली सही नव्हती. मामांनी तेही लिहिलं होतं.

तो सलूनवाला दहा महिने तुरुंगात होता. त्याला जामीन राहायला कुणी पुढं आलं नाही. मग खटला उभा राहिला आणि त्याच्या वकिलानं अण्णांना एकच प्रश्न विचारला: सलूनचं दार कुठल्या दिशेला आहे? अण्णा म्हणाले, पूर्वेला. दार पूर्वेला नव्हतं. सगळा पंचनामा तिथंच कोसळला आणि तो सुटला. निकाल इंग्रजीत होता. मामांनी त्याची नक्कल काढली, त्यात त्यांच्या पंचनाम्याला लावलेला हा एक शब्द त्यांना कळेना. कुणाला विचारायचीही चोरी. शब्दकोश विकत घेऊन स्वतःच शोधला. तिथून त्यांचं हे इंग्रजी सुरू झालं.

"बनावट," मामा म्हणाले. "जन्मभर मी लिवत आलो, आन् माझ्या लिवन्याचं नाव मला परक्या भाषेत कळलं."

मी तोंडावर हात ठेवून बसले होते. म्हणजे दर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी हा माणूस त्याच माणसाच्या वस्तऱ्याखाली गळा देऊन बसत होता! आठ वर्षं!

"म्हणून मला वर्गात घेतलंत?" मी विचारलं. "माझ्याकडून अण्णांची सही मिळवायला?"

एखाद्यानं सारवासारव केली असती. मामा म्हणाले, "व्हय. पयल्या दिशी तुझ्या बापाचं नाव वाचलं तवा वाटलं, हिला परत लावून द्यावी. मग आठवडाभर इचार केला आन् ठेवून घेतलं. मी त्याच्याकडं तीनदा गेल्तो, त्यानं दुकान बंद करून घेतलं. तुला शिकिवताना ते इसरलो हुतो, हे बी खरं हाय. पन आज तू कोऱ्या कागदावर सही केलीस."

मला दोघांचाही असा राग आला, असा राग आला की काय सांगू. एकानं खोटं लिहिलं, दुसऱ्यानं डोळे झाकून सही केली, आणि मी एकाच्या घरात वाढले, दुसऱ्याच्या ओट्यावर शिकले. मी रजिस्टर काखेत मारलं, घरी आणून मशीनवर, अण्णांच्या समोर आदळलं. "वाचा," म्हटलं. "ह्या वेळी तरी वाचा!" वडिलांशी त्या सुरात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रजिस्टर मशीनवरच होतं. ते वाचत होते हे मला चष्म्याच्या जागेवरून कळायचं. पाचवा दिवस शुक्रवार. सकाळी अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून उभे. म्हणाले, "चल माझ्यासंगं. दार बघायचंय."

"कसलं दार?"

"त्या सलूनचं. वीस वर्षं झाली, त्या रस्त्यानं मी गेलो न्हाई. बघितल्याबिगर आता सही करनार न्हाई मी."

आम्ही स्टँडवर गेलो. शुक्रवार, म्हणजे मामा खुर्चीत. तोंडाला साबणाचा फेस, अर्धी दाढी झालेली, डोळे मिटलेले. सलूनवाल्यानं आरशात आम्हाला बघितलं. त्याचा हात थांबला. त्यानं अण्णांना ओळखलं होतं, हे मला त्याच्या पाठीवरूनच कळलं. वाटलं, आता काहीतरी होणार, आणि आपण इथून पळ काढावा. अण्णा मात्र आत आले नाहीत. रस्त्यावर उभे राहिले, उन्हाकडं तोंड केलं, दोन्ही हात पसरले, अगदी मी म्हशीसाठी पसरले होते तसे. भर स्टँडवर, इस्त्रीच्या सदऱ्यात. मग हात खाली घेतले.

"उत्तरंला हाय," अण्णा म्हणाले. "दार उत्तरंला हाय."

मग आत येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, रजिस्टर मांडीवर उघडलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं आणि सही केली. सावकाश. शेवटी फराटा मारला नाही. मामांनी डोळे उघडले होते. फेसातून त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"प्रत आरोपीला द्यावी लागती," ते एवढंच म्हणाले.

अण्णांनी रजिस्टर सलूनवाल्यापुढं धरलं. त्यानं वस्तरा ठेवला, हात टॉवेलला पुसले आणि उभ्यानंच वाचायला लागला. रेडिओ बंद होता. बाहेर कंडक्टर शिट्टी मारून गाडी मागं घेत होता. वाचून झाल्यावर त्यानं वरच्या शब्दावर बोट ठेवलं. "हे विंग्रजीत काय लिवलंय?"

अण्णा म्हणाले, "खोटा कागद. ह्यानं लिवलेला आन् म्या सही केलेला."

सलूनवाल्यानं मान हलवली. पान उलटून बघितलं, परत सुलटं केलं. आणि मग आठ वर्षांत पहिल्यांदाच तो रायटरमामांशी बोलला.

"रायटर, तुमी कुटं बसला हुता ते लिवलं. शिंपीमामा कुटं हुते ते लिवलं. चहावाल्याचं बी लिवलं. मोटर चोरीला गेली त्या दिशी मी कुटं हुतो, ते ह्यात कुटं हाय?"

मामा पुढं वाकून पानावर शोधायला लागले. "ते," ते म्हणाले, "ते कुनी इचारलंच न्हाई."

"तेच तर," सलूनवाला म्हणाला. "ठान्यात न्हाई इचारलं, कोर्टात न्हाई इचारलं. तुमी आठ वर्सं हितं येऊन बसताय, तुमी तरी इचारलं का? मी बी म्हनलं, बघू कवा इचारतोय."

आम्ही सगळे, मामा, अण्णा, मी, आमच्या आमच्या लाजेत इतके गुंतलेलो की त्या माणसाकडं बघायचंच राहिलं होतं. मामा खुर्चीतून उठायला लागले, गळ्याभोवतीचं फडकं तसंच. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पण बोटांना साबण लागून टोपण घसरत होतं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं. दुसरं पान उघडलं आणि सवयीनं विचारलं, "वर शब्द कुठला लिहू?"

"शब्द ऱ्हाऊ दे गं," सलूनवाला म्हणाला. "लिव. त्या दिशी मी हिवरेबाजारच्या पल्याड, बहिनीच्या गावाला हुतो. भाच्याचं जावळ हुतं. मामा बी मीच आन् वस्तरा बी माझाच. पोर माझ्याच मांडीवर. ईस मानसं हुती मांडवात, पायजे तेवढे पंच घ्या. ते पोरगं आता सुप्याला कंपनीत हाय, त्याला बी इचारा, त्याच्या आईनं सांगितलं असंल." तो थांबला. मला वाटलं, संपलं. मी सहीसाठी खाली जागा सोडायला लागले.

"थांब, आजून हाय," तो म्हणाला. "पोराची टाळू लई कवळी हुती. लागू नये म्हनून मी वस्तरा तीनदा पाजवला हुता आन् पयल्यांदा माझ्या सोताच्या हातावर लावून बघितला हुता. ते बी लिव."

मी तेही लिहिलं. मामा वाकून अक्षर न् अक्षर बघत होते, अर्ध्या तोंडाला वाळलेला फेस घेऊन.